एक पॅलेट पुढे

अमेरिकेत पाच एक्सलच्या (चाकांच्या पाच आसांच्या) ट्रकला एकूण ८०,००० पाउंडांची, म्हणजे साधारण ३६ टनांची मुभा असते. माल भरणाऱ्यांना बहुधा हा एकच आकडा पाठ असतो. पण त्यातले ट्रॅक्टरच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनवाल्या गाडीच्या, मागच्या दोन एक्सलवर ३४,००० आणि ट्रेलरच्या दोन एक्सलवर ३४,०००, याहून जास्त चालत नाही. आणि दंडाची पावती फाटते ती ड्रायव्हरच्या हातात.

गेल्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात पोर्टरव्हिलजवळच्या एका पॅकिंग हाउसमध्ये मी संत्री भरली. खोकी रचलेल्या लाकडी फळ्या, म्हणजे पॅलेट, २१; प्रत्येक साधारण २,१०० पाउंडांचं. टेहाचापीचा घाट चढून ॲरिझोनाला जायचं होतं. निघण्याआधी केबिनमधल्या ऑनबोर्ड स्केलकडे, म्हणजे ट्रकवरच बसवलेल्या वजनदर्शकाकडे, पाहिलं: ड्राइव्ह (ट्रॅक्टरचे मागचे दोन एक्सल) ३१,०००, ट्रेलर ३५,७००.

माल भरायच्या धक्क्याच्या, म्हणजे डॉकच्या, उतारावरचा आकडा मी कधीच खरा मानत नाही. ट्रक पुढे सपाटीवर घेतला, चाकांना अडणी लावली, ब्रेक सोडले आणि थोडा वेळ थांबलो. ब्रेक लावलेले असले की सस्पेन्शन मोकळेपणी बसत नाही. मुळात हे यंत्र वजन तोलतच नाही. सस्पेन्शनच्या एअर बॅगेतला हवेचा दाब पाहून पाउंड काढतं. म्हणून ते मधूनमधून खऱ्या काट्याशी जुळवून घ्यावं लागतं. आमचे मालक फ्रेस्नोचे पंजाबी, आम्ही त्यांना पाजी म्हणतो. हे जुळवून घेण्यात ते कधी हयगय करत नाहीत, म्हणूनच त्या आकड्यावर मी भांडू शकतो.

सपाटीवरही ट्रेलर ३५,७००च.

एरवी ट्रेलरची चाकं मागे सरकवली की त्यांच्यावरचा भार ट्रॅक्टरकडे जातो. पण कॅलिफोर्नियात किंगपिनपासून (ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खुंटीपासून) शेवटच्या एक्सलपर्यंत ४० फुटांची मर्यादा आहे, आणि माझी चाकं त्या खुणेवरच होती. दोष भरण्यात होता. सगळ्यात पुढे एकच पॅलेट मधोमध ठेवलेलं, आणि मागे दारापर्यंत जोड्या.

सुपरवायझर म्हणाला, ‘‘एकूण ७८,३०० आहे. मर्यादेच्या आत आहेस, निघ.’’ पुढे एक पॅलेट वाढवायचं म्हणजे सगळा माल उतरवून पुन्हा भरायचा, हे त्यालाही कळत होतं. मी म्हटलं, ‘‘पुन्हा भरून दिल्याशिवाय कागदावर सही करणार नाही.’’ तो चिडला. त्याच्या मागे इतर ट्रक खोळंबले होते, त्याची अडचण मला कळत होती. पण १,७०० पाउंड जादा भार घेऊन टेहाचापीच्या उतारावर ब्रेक आणि टायर मला सांभाळायचे होते, त्याला नाही.

शेवटी फोर्कलिफ्टवाल्या मेक्सिकन काकांनी आत डोकावून पाहिलं, मान हलवली आणि कुणाला न विचारता पहिलं पॅलेट बाहेर काढलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. दारापाशी असलेलं एक पॅलेट सगळ्यात पुढे गेलं. चाळीसेक फूट सरकल्यामुळे त्याचा जवळजवळ सगळा भार ट्रॅक्टरवर आला: ड्राइव्ह ३३,२००, ट्रेलर ३३,५००.

हायवे ९९ वरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या खऱ्या काट्यावर, पैसे भरून तोललं. स्टिअर (सगळ्यात पुढचा एक्सल) ११,६००, ड्राइव्ह ३३,३४०, ट्रेलर ३३,३६०. पावतीचा फोटो पाजींना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, ‘‘डिझेल किती भरतोयस?’’ एका गॅलनचं वजन साधारण सात पाउंड, आणि तेही याच भारात मिळतं. आम्ही शंभर गॅलनवर थांबायचं ठरवलं.