खोली दिसण्याचं संशोधन आणि मार्कशीटवरचं आईचं नाव

सप्टेंबरमध्ये मी कॅनडाला चाललेय, दोन डोळ्यांनी मिळून खोली, म्हणजे वस्तू किती जवळ आणि किती दूर हे, कसं दिसतं या विषयावर संशोधन करायला. प्रवेशाचं पत्र हातात आहे, तरी एका कागदापायी गेलेले ते पाच आठवडे आठवले की अजून संताप होतो. पुढच्या कुणाचे तरी वाचावेत म्हणून लिहितेय.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. तिरळेपणा असलेल्या मुलांना आम्ही माशीचं मोठं चित्र दाखवतो. पोलराइज्ड चष्म्यातून तिचे पंख कागदाच्या वर उचललेले दिसतात आणि मूल हवेतच चिमटीने पंख धरायला जातं. सिन्नरहून येणारा सात वर्षांचा एक मुलगा मात्र बोट थेट कागदावर टेकवायचा. पण त्याच पुस्तिकेत कुठलं वर्तुळ वर उचललेलं दिसतं हे विचारल्यावर पहिली दोन उत्तरं त्याने बरोबर दिली. कसं ओळखलंस विचारलं, तर म्हणाला, "ते गोल जरा बाजूला सरकलंय ना, ताई." खोली त्याला दिसतच नव्हती. एका डोळ्याने सरकलेपण टिपून त्याने उत्तर दिलं होतं.

ही पळवाट बंद करणारी चित्रं बेला युलेस या शास्त्रज्ञांनी 1960 मध्येच मांडली होती. एका डोळ्याने बघाल तर नुसते ठिपके, दोन्ही डोळ्यांची सांगड बसली तरच आकार वर येतो. मुलांमध्ये या दोन चाचण्यांची उत्तरं कुठे आणि का वेगळी पडतात, हाच माझा प्रस्ताव.

प्राध्यापकांना मी 11 मेल केले, 3 उत्तरं आली. उत्तर आलेल्या माझ्या तिन्ही मेलमध्ये त्या मुलाचा किस्सा पहिल्याच परिच्छेदात होता, मार्कांचा उल्लेख शेवटी. या विषयावर काम चालणाऱ्या जागा सांगायच्या तर टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात सेंटर फॉर व्हिजन रिसर्च आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला मॅन्टिस या कीटकाला इवलासा चष्मा लावून त्याची खोलीची जाण तपासलीय. आपल्याकडे हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान आहे. ज्यांना मेल कराल त्यांचे दोन-तीन शोधनिबंध खरोखर वाचा, नाहीतर पाठवूच नका. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा, मुलाखत, सगळं वेळेत झालं.

अडलं ते ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाने द्यायच्या गुणांच्या अधिकृत नोंदीवर. माझ्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं, शेवटी आईचं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण तिकडच्या अर्जप्रणालीने शेवटचा शब्द आडनाव धरला आणि 10 डिसेंबरला मेल आला: नाव पासपोर्टशी जुळत नाही, 15 जानेवारीपर्यंत खुलासा पाठवा.

माझं पदवीचं विद्यापीठ बाहेरगावचं. पहाटेची एसटी धरून गेले. ट्रान्स्क्रिप्टच्या खिडकीवर सांगितलं, "नाव बदलायचं काम दुरुस्ती विभागाचं." दुरुस्ती विभागातल्या मॅडम मार्कशीट बघून म्हणाल्या, "यात चूकच नाही, दुरुस्ती कशाची करू?" त्यांचं बरोबरच होतं! मला दुरुस्ती नकोच होती, ही दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत एवढं लिहिलेलं पत्र हवं होतं. त्यासाठी छापील फॉर्म नाही, म्हणून ते कुणाचंच काम नाही. दुसऱ्या खेपेला नाताळची सुट्टी लागली. तिथेच एकाने सुचवलं, "गॅझेट करून आईचं नाव काढून टाका ना." मी ठाम नाही म्हटलं. माझ्या पहिलीपासूनच्या फीचा हिशेब आईने ठेवलाय, तिचं नाव मार्कशीटवर आहे याचा मला अभिमान आहे. एका सॉफ्टवेअरला कळत नाही म्हणून ते पुसायचं?

तिसऱ्या खेपेला तिथल्या एका वयस्कर अधीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मसुदा तुम्हीच टाइप करून आणा बाळा, सही मी घेतो." समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धं पान टाइप केलं: महाराष्ट्रात नावाचा क्रम कसा असतो, यातला कुठला शब्द कुणाचा, पासपोर्टवर काय आहे. वीस मिनिटांत सही-शिक्का झाला. ज्या वीस मिनिटांसाठी मी महिनाभर रात्री झोपले नव्हते. पत्र 13 जानेवारीला विद्यापीठाच्याच मेलवरून गेलं.

तेव्हा मसुदा पहिल्याच खेपेला सोबत न्या आणि खिडकीवर न थांबता अधीक्षकांना भेटा. दोन्ही नावं माझीच, असं प्रतिज्ञापत्रही करून ठेवा, दोन मूळ प्रती. मी नाशिकला सीबीएस बसस्थानकासमोर कोर्टाबाहेर नोटरीकडे केलं. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही पासपोर्टवरचं नाव लिहून द्या. माझ्या एका सरांनी लाडाचं नाव घातलं होतं, ते वेळेत दिसलं म्हणून बरं. आणि प्राध्यापकांशी बोलणं पुढे सरकलं की शिष्यवृत्तीत फी धरून किती उरतं हे स्पष्ट विचारा. विचारायला मी फार लाजले, काही कारण नव्हतं.

हो, एक राहिलंच. मुलाखतीआधी स्वतः काहीतरी करून बघा. सायकोपाय हे असे प्रयोग बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात मी ठिपक्यांचं चित्र बनवलं आणि लाल-निळा चष्मा लावून आधी आईला लॅपटॉपसमोर बसवलं. बराच वेळ ती म्हणत राहिली, नुसतं मुंग्यांसारखं दिसतंय. मग एकदम हात पुढे करून म्हणाली, "अगं, मधला चौकोन वर आलाय की!" मुलाखतीत मी तीच फाइल उघडून दाखवली.