सहाव्या दर्जाचे दोन छ्वे

शनिवार, रात्र

आज दिवसभर छ्वे छीवॉन डोक्यातून जात नाहीये. जुन्या कोरियातल्या सिल्ला राज्यातला हा पोरगा १२ वर्षांचा असताना शिकायला थांग घराण्याच्या चीनला गेला. १० वर्षांत सरकारी अधिकारी व्हायची परीक्षा पास झाला नाहीस तर माझा मुलगा म्हणवू नकोस, असं बापाने निघताना बजावलं होतं. ८७४ मध्येच तो पास झाला, तिथे नोकरी केली, जांभळ्या वस्त्राचा आणि सोनेरी मत्स्यथैलीचा (मोठ्या अधिकाऱ्याची खूण) मान मिळवला. ८८५ मध्ये मायदेशी परतला आणि जन्म आडवा आला.

सिल्लात माणसाची पायरी हाडावरून ठरायची. वर राजघराण्याच्या नात्यातले 'अस्सल हाडाचे', त्यांच्याखाली सहावा, पाचवा, चौथा दर्जा. छ्वे सहाव्यातला. दरबारच्या १७ पदांपैकी वरची ५ त्याला कायमची बंद. जांभळा पोशाखही त्या पाचांचाच, बाकीच्यांनी खालचे रंग घालायचे. सहाव्या दर्जाच्या घरातली खोली २१ छॉकपेक्षा मोठी नको (छॉक साधारण फुटाएवढा), तबेल्यात घोडे पाचच. हे नियम वाचताना अंगावर काटा येतो. रागलोभ कुठेच नाही, सुताराला द्यावीत तशी मापं.

८९४ मध्ये त्याने राणी जिनसॉंगला सुधारणांची दहाएक कलमं लिहून दिली. राणीने त्याला आछान केलं, म्हणजे सहावं पद. कलमं कागदावरच राहिली. पुढे तो गायासान डोंगरातल्या हाइन्सा मठात जाऊन राहिला. ९३५ मध्ये सिल्लाच बुडालं.

मग गोर्यो राज्य. राजा ग्वांगजोंगने सरदारांचं बळ मोडायला ९५६ मध्ये गुलामांची छाननी करवली. अन्यायाने गुलाम झालेले मोकळे झाले. ९५८ मध्ये परीक्षेने अधिकारी नेमायला सुरुवात झाली. छीवॉन हे बघायला हवा होता, असं फार वाटतं.

पण छ्वे सुंगनोपाशी माझं मन बिथरतं. हाही सिल्लातल्या सहाव्या दर्जाच्या घराण्यातला. ९८२ मध्ये राजा सॉंगजोंगला त्याने २८ कलमं दिली, आणि यावेळी राजाने ऐकलंही. बरीच कलमं शहाणपणाची आहेत. त्यातच तो ग्वांगजोंगच्या छाननीला नावं ठेवतो: गुलाम माजले, मालकांना जुमानेनासे झाले. ९८७ मध्ये फर्मान निघालं, जुन्या मालकाचा अपमान करणाऱ्या मुक्त माणसाला पुन्हा गुलाम करा.

हाडावरून खाली बसवलेल्या घरातला माणूस हे लिहितो, हे मला पचत नाही. कोरियातली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८९४ मध्ये.