चायनीजच्या गाडीवरचा वास

रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीत आमचं सहा माणसांचं युनिट आहे. बोटींसाठी २४ व्होल्टचे बॅटरी चार्जर बनवतो. त्या वर्षी मासेमारीबंदी उठायच्या आत वीस नग द्यायचे होते आणि माझा अख्खा जून एकाच प्रश्नात गेला: मॉसफेट, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करणारे आणि त्यात तापणारे भाग, गार राहावेत म्हणून अॅल्युमिनियमच्या पेटीला चिकटवायचे कशाने?

आधी इपॉक्सी वापरायचो. पकड दगडासारखी, आणि तीच पंचाईत. एक अंश तापलं की अॅल्युमिनियम मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, सर्किट बोर्ड साधारण १५. रोज तापून गार होताना ही ओढाताण कुठेतरी निघणारच. मग चिकटलेलं सुटतं, नाहीतर सोल्डरला तडा जातो. म्हणून लवचीक, उष्णतावाहक सिलिकॉन घ्यायचं ठरलं. दोन ट्यूब समोर होत्या. डेटाशीटवर उष्णता वाहून नेण्याचा एकीचा आकडा ३, दुसरीचा १.५; जास्त तेवढा चांगला. आमच्या शेठना अर्थातच ३ हवी होती. पण ती घट्ट कणकेसारखी, कितीही दाबा, अर्धा मिलिमीटर थर राहायचाच. दुसरी ०.२ ला बसायची. दीड चौरस सेंटिमीटरच्या मॉसफेटला हिशोब केला, तर पहिलीतून दर वॅटला १.१ अंश चढत होते, दुसरीतून ०.९. स्वस्त ट्यूब जिंकली. दोन दिवस मी युनिटमध्ये जरा जास्तच ऐटीत वावरत होते.

दमट हवेपासून वाचायला बोर्डवर अॅक्रिलिक कोटिंग मारलं, कारण ते सॉल्व्हंटने काढून दुरुस्ती करता येते. माल गेला.

नोव्हेंबरात मिरकरवाडा बंदरातले एक तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, चार्जर घेऊन आले. "ताई, चार्ज नाय होत. आणि ह्याला चायनीजच्या गाडीवरचा वास येतोय." मला हसू आलं. खारं पाणी शिरलं असेल, दुसरं काय? आमच्याकडे काहीही बिघडलं की पहिला आळ समुद्रावर.

पेटी उघडली आणि वास थेट नाकात गेला. आत पाण्याचा टिपूस नाही, मिठाचा पांढरा थर नाही, गॅस्केट कोरडं. यूव्ही दिव्याखाली कोटिंग सगळीकडे निळं चमकत होतं, म्हणजे कुठेही सुटलेलं नव्हतं. ज्यांच्यासाठी महिना घालवला ते मॉसफेट ठणठणीत. फक्त तीन मोठ्या कपॅसिटरांच्या बुडाशी तांबं हिरवंगार झालेलं, एक ट्रॅक तर पार खाऊन तुटलेला. मिठाचं काम असतं तर आधी कनेक्टर सडले असते, आणि ते लखलखीत होते.

इंजिनाच्या हादऱ्यांनी कपॅसिटरचे पाय तुटू नयेत म्हणून त्यांच्या बुडाशी आम्ही सिलिकॉनचे गोळे लावतो. हिरवं तेवढ्याच भोवती होतं. पोराला विचारलं, "ही कुठली ट्यूब रे?"

"मॅडम, जुलैत संपलेली. तुम्हीच फोनवर म्हणालात, हार्डवेअरमधून आण."

म्हणाले होते. बाथरूमच्या फरशीच्या सांधीत भरतात ते सिलिकॉन. ते वाळताना अॅसिटिक अॅसिड सोडतं, म्हणजे व्हिनेगरच. फरशीचं त्याने काही बिघडत नाही, तांब्याचं बिघडतं. शिवाय ते हवेतल्या दमटपणावर वाळतं. जुलैच्या हवेत वर साय पटकन धरली, पण आत दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच पिकतं, आणि आमचे गोळे चांगले सेंटिमीटरभर जाड. दुसऱ्याच दिवशी आम्ही वरून कोटिंग मारलं आणि पेटी बंद केली. अॅसिड आतच कोंडलं.

नोंदवहीत पाहिलं, वीसातले अकरा नग त्या ट्यूबचे. हर्णैपासून देवगडपर्यंत मीच फोन केले, शेठनी एक शब्द न बोलता रजिस्टर पुढे सरकवलं होतं. आता गोळ्यांनाही न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना अॅसिड न सोडणारं सिलिकॉन, आणि पेटी चार दिवस उघडी.

तांडेलांना नवा चार्जर दिला. त्यांनी आधी झाकण उघडायला लावलं, नाक आत घालून दोनदा हुंगलं, आणि मग पेटी काखेत मारली.