फाळक्यांचा वाटाणा सोलापुरात : दिवस 19 पर्यंतची नोंद

दादासाहेब फाळके (जन्म 1870, त्र्यंबकेश्वर) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, मग छापखाना, आणि मधूनच ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला 3 मे 1913 रोजी. त्याआधी, 1912 मध्ये, पैसे घालणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना टिपला : ‘अंकुराची वाढ’, जेमतेम मिनिटभराची फिल्म. तीच आम्ही सोलापुरात पुन्हा करतो आहोत. ती पुन्हा करायला घेतली की त्यांचा एकेक धंदा आपल्या हाताखालून जातो. त्यांची आठवण जागवायची इतकी चांगली रीत दुसरी नाही.

आधी हिशोब. फाळक्यांनी ‘रोज एक चित्र’ घेतलं असं सर्रास सांगितलं जातं, पण ते जुळत नाही. सेकंदाला 16 चौकटी (फिल्मवरची एकेक चित्रं) धरल्या तर महिन्याच्या 30 चौकटी पडद्यावर दोन सेकंदसुद्धा टिकत नाहीत. मिनिटाला 960 चौकटी लागतात, म्हणजे 35 मिलिमीटरची 60 फूट फिल्म. 32 दिवसांवर वाटल्या तर दिवसाला 30, दर 48 मिनिटांना एक. फाळक्यांनी रोज एकीपेक्षा बऱ्याच जास्त चौकटी घेतल्या असणार. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात दांडीच्या एका फेऱ्यात आठ चौकटी सरकतात, तिथे एकेक मोजून घ्यायची होती. फिल्मच्या कडेची भोकंसुद्धा घरी पाडावी लागत, आणि त्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा हात होता. त्यांचं नाव या फिल्मसोबत घेतलंच पाहिजे.

बी : किराणा दुकानातला अख्खा वाळका वाटाणा. वाटाण्याची डाळ उगवत नाही, भाजीचे ओले दाणे कोवळे असल्याने कुजतात. 10 ते 12 तास भिजवायचं, अडीच सेंटिमीटर खोल पेरायचं. सोलापुरात हे काम दिवाळीनंतर ते संक्रांतीच्या गड्डा यात्रेपर्यंतच. मार्च लागला की वाटाणा उन्हाळ्यापुढे टिकत नाही.

कुंडी क्र. 1 बाद झाली, कारण नुसती काळी माती. ती वाळताना आक्रसते, कुंडीची कड सोडते आणि वर भेग पडते. पाचव्या दिवशी भेग थेट दाण्यावरून गेली आणि अंकुर चौकटीत दोन सेंटिमीटर डावीकडे सरकला. आता काळी माती, वाळू आणि गांडूळखत समभाग. पाणी वरून ओतायचं नाही, थेंब पडला की माती उडते आणि फिल्ममध्ये जमीन नाचते. कुंडीच्या भोकातून जाड सुताची वात खालच्या ताटलीत सोडली आहे, माती लागेल तेवढं पाणी स्वतः ओढते.

कुंडी क्र. 2 चालू आहे. कॅमेरा 95 सेंटिमीटरवर, 35 मिलिमीटर लेन्स, चौकटीची उंची 40 सेंटिमीटर. फोकस हाताने लावून रिंगवर चिकटपट्टी. छिद्र एफ 8, संवेदनशीलता आयएसओ 100, उघडझाप एक सेकंदाची. एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवले तर प्रत्येक चौकट वेगळ्या उजेडाची येते आणि फिल्म लुकलुकते. खिडकीवर सोलापुरी चादर दुहेरी टांगली आहे. घरात असलेली वस्तू, पण उजेड अडवायला याहून सरस कापड विकत आणावं लागत नाही.

दिवे दोन. वाढीचा दिवा 16 तास. फोटोच्या पाच सेकंद आधी रिले (आपोआप चालणारं विजेचं बटण) तो बंद करतो आणि फोटोचा दिवा लावतो, फोटो झाला की उलट. रात्री फक्त फोटोचा दिवा, तोही तेवढ्यापुरता. दोन्ही इन्व्हर्टरवर. दोन्ही दिवे रोपाच्या डोक्यावरच हवेत. बाजूने उजेड आला की शेंडा तिकडे झुकतो आणि फोकसबाहेर जातो.

हादरा हा सोलापूरच्या पूर्व भागातला, यंत्रमागांच्या वस्तीतला, खास त्रास. शेजारी यंत्रमाग चालू असले की जमिनीतून कंप येतो आणि एक सेकंदाचा फोटो दुहेरी दिसतो. तिपाई जड करून काही उपयोग झाला नाही, कुंडी वेगळी हलत होती. आता कुंडी आणि कॅमेरा चार फुटी एकाच शहाबादी फरशीवर, फरशीखाली वाळूच्या चार पिशव्या. हललंच तर दोन्ही बरोबर हलतात. मागच्या करड्या पुठ्ठ्यावर अधिक चिन्हाच्या (+) दोन खुणा काढल्या आहेत. छापखान्यात रंगावर रंग बसवताना रजिस्टर जुळवतात, तसंच रोज पहिल्या चौकटीवर आजची चौकट ठेवून त्या खुणा जुळवायच्या. तीनरंगी छपाई केलेल्या फाळक्यांना ही नजर नव्याने कमवावी लागली नसेल.

आजची स्थिती : दिवस 19, उंची 14 सेंटिमीटर, 570 चौकटी. सहाव्या दिवशी अंकुर मातीबाहेर आला. त्याची मान वाकलेली असते, ती सरळ व्हायला एक दिवस लागला. पडद्यावर जेमतेम दोन सेकंद, पण रोप डोकं वर काढून बघतंय असं वाटतं.

ताणे (आधाराला विळखा घालणारे बारीक तंतू) फुटल्यावर मात्र चाल बिघडली. आधाराच्या शोधात ताण्याचं टोक हवेत गोल फिरतं, एक फेरी साधारण दीड तासाची. 48 मिनिटांना एक चौकट घेतली की एका फेरीच्या दोनच जागा मिळतात आणि टोक फिरण्याऐवजी थरथरतं. म्हणून पहिल्या दिवसापासून दर 12 मिनिटांनी फोटो घेऊन फाळक्यांच्या मापासाठी त्यातला दर चौथा वापरतो आहोत. 32 दिवसांचे 3,840 फोटो होतील, 6 एमबीचा एक धरला तर 32 जीबीच्या कार्डात मावतील. सगळे फोटो सलग चालवले की टोकाचा गोल स्वच्छ दिसतो.

आधाराची काडी पहिल्याच दिवशी रोवावी लागते, नाहीतर ती मध्येच चौकटीत उगवल्यासारखी दिसते. सध्याची काडी रोपापासून सात सेंटिमीटरवर आहे आणि ताणा तिच्यापर्यंत पोचत नाही. आता ती हलवता येणार नाही. कुंडी क्र. 3 मध्ये तीन सेंटिमीटरवर रोवायची.