आमची वाटचाल : डब्यापासून पाल्यापर्यंत

घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करून देणारा आमचा पुण्यातला छोटा व्यवसाय डबे विकण्यापासून सुरू झाला. आज आमच्या गोदामात डब्यांपेक्षा वाळक्या पाल्याची पोती जास्त असतात. हा बदल का करावा लागला, ते इथे लिहीत आहोत.

आमचा पहिला डबा म्हणजे २० लिटरची भोकं पाडलेली बादली. चार माणसांच्या घरात रोज साधारण ५०० ते ८०० ग्रॅम ओला कचरा निघतो : भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, उरलंसुरलं. ही बादली तीन आठवड्यांत भरायची आणि मुरायला वेळच उरायचा नाही. मग अर्धकच्चा माल कुंडीत जायचा आणि झाड पिवळं पडायचं. कच्चा माल मातीत कुजत राहतो, तेव्हा तो कुजवणारे जिवाणू झाडाच्या वाट्याचा नायट्रोजन आणि मुळांजवळचा प्राणवायू वापरून टाकतात. बादली मोठी करून हा प्रश्न सुटत नाही. डबे दोन लागतात. एक भरत असताना दुसरा स्वस्थ मुरला पाहिजे. म्हणून आम्ही ४० ते ५० लिटरच्या ड्रमच्या जोडीवर आलो. एक ड्रम भरायला ३० ते ४० दिवस लागतात आणि दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं खत काढण्याजोगं होतं.

ड्रम भंगार बाजारातून जुने घेतले तरी चालतात, पण लोणचं, सरबताचा पाक किंवा खाद्यतेल ठेवलेलेच घ्यावेत. रसायनांचे ड्रम धुऊनही आम्ही वापरत नाही. बाजूंना ८ मिमीची भोकं, चार ओळींत, साधारण १० सेंटिमीटर अंतरावर. तळाला पाच भोकं, खाली ताटली, आणि ड्रम दोन विटांवर उचललेला. सुरुवातीला भोकं उघडी ठेवली, तर चिलटं आत शिरून अंडी घालायची. मग आतून बारीक नायलॉनची जाळी चिकटवायला लागलो. झाकण घट्ट बसवू नये, नुसतं टेकवून ठेवावं.

डबा चालण्याचं खरं गणित आतल्या मिश्रणात आहे. भाजीपाल्याच्या कचऱ्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि नायट्रोजन भरपूर. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन २५ ते ३० ला १ या प्रमाणात मिळाले, ओल ५० ते ६० टक्के राहिली आणि हवा खेळती असली, की कचरा वास न मारता मुरतो. कार्बन आणि हवा या दोन्ही गोष्टी वाळका पाला देतो. घरगुती डब्यात मापाला माप : एक वाटी ओला कचरा, वर एक वाटी चुरलेला पाला. पाला नसेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग कचऱ्याला एक भाग. विरजण म्हणून महागडी पावडर लागतेच असं नाही. जुन्या खताच्या दोन मुठी किंवा पाण्यात कालवलेलं आंबट ताक आणि गूळ सुरुवातीला पुरतं.

बिघाड ओळखायला नाक आणि मूठ पुरे. आंबट, सडका वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. डोळ्यांत जाणारा अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त. दोन्हींवर उपाय एकच : पाला घाला आणि खालीवर करा. मूठभर मिश्रण दाबल्यावर एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर पाला वाढवा, भुगा सुटला तर पाणी शिंपडा. सर्वांत जास्त फोन येतात ते अळ्यांबद्दल. जाड, करड्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या माणसाला किंवा झाडाला अपाय करत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. पण त्या फार झाल्या तर मिश्रण ओलं आहे हे नक्की. त्यांच्यावर कीटकनाशक मारू नका, त्याने खतही जातं. ताटलीत काळं पाणी साचत असेल तर पाला कमी पडतोय. ते पाणी आम्ही कुंड्यांना घालायला सांगत नाही, ते परत ड्रममधल्या कोरड्या पाल्यावर ओता.

केंद्र सरकारचे घनकचरा व्यवस्थापन नियम ८ एप्रिल २०१६ रोजी आले. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं त्यात होतं. त्यानंतर आमचं काम घरांकडून सोसायट्यांकडे सरकलं. तिथे पहिली गाठ पडली ती '२४ तासांत खत' म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांशी. ही यंत्रं कचरा तापवून वाळवतात. बाहेर येणारी तपकिरी भुकटी खतासारखी दिसते, पण पाणी उडाल्यामुळे जिवाणूंचं काम फक्त थांबलेलं असतं. भुकटीवर पाणी पडलं की दोन दिवसांत बुरशी आणि घाण वास. कचऱ्याचं वजन कमी करायला यंत्र उपयोगी पडेल, पण ती भुकटी पुढे काही आठवडे पाल्यात मुरवावीच लागते. मुरण्याचा काळ विजेने विकत घेता येत नाही. हे आम्ही प्रत्येक सोसायटीला आधी सांगतो, त्यामुळे काही कामं हातची जातात, तरीही सांगतो.

आमची पद्धत जुनीच, हौद्यांची. १०० फ्लॅटच्या सोसायटीत रोज साधारण ६० किलो ओला कचरा धरतो. त्यासाठी ४ फूट लांब, रुंद आणि उंच असे ७ हौदे. एक हौदा आठवडाभर भरायचा, मग सहा आठवडे मुरू द्यायचा. आठव्या आठवड्यात पहिला रिकामा होऊन पुन्हा भरायला मिळतो. भिंती जाळीदार वीटकामाच्या, पुढची बाजू काढता येणाऱ्या फळ्यांची, नाहीतर उलथापालथ करताना माणसाची कंबर जाते. तळाला पन्हाळीकडे उतार, वर पत्रा, आणि चहूबाजूंनी १२ मिमीची वेल्डेड जाळी. जाळी जमिनीखाली थोडी पुरावी लागते, कारण घुशी खालून पोखरतात. एकूण जागा अडीच गाड्यांच्या पार्किंगएवढी. त्यामुळे पार्किंग की खत, हा वाद बहुतेक सभांमध्ये होतोच.

रोज ६० किलो कचऱ्याला १५ किलो पाला. मोठे तुकडे दोन इंचांपर्यंत चिरायचे. नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी, हाडं वेगळी. थरावर थर, आणि शेवटचा थर पाल्याचाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लांब दांड्याचा तापमापक मध्यभागी खुपसला की ५५ ते ६५ अंश दिसायला हवं. ५५ अंशांवर सलग तीन दिवस राहिलं तर रोगजंतू आणि बिया मरतात. घरगुती डबा लहान असल्याने उष्णता धरत नाही, म्हणून त्याला दोन-तीन महिने लागतात आणि त्याच्या खतातून टोमॅटोची रोपं उगवतात. हौद्यात मुरताना दर आठवड्याला एकदा उलथापालथ. एका माणसाचं रोजचं दोन तासांचं काम आहे. हातमोजे, बूट आणि पाण्याचा नळ जवळ हवा, ही आमची करारातली अट आहे.

पावसाळ्यात मात्र पहिल्या वर्षी हे सगळं कोलमडलं. पुण्यात पानगळ हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी होते, तेव्हा रस्त्यावर पाल्याचे ढीग असतात आणि लोक ते पेटवतात. जूनमध्ये पाला संपतो, हवा दमट होते, कचऱ्यातलं पाणी उडत नाही. पाल्याशिवाय एका आठवड्यात हौदे सडतात आणि शेजारची इमारत तक्रार करते. हिशेब साधा आहे : रोज १५ किलो, जून ते सप्टेंबर चार महिने, म्हणजे एका सोसायटीला सुमारे १,८०० किलो पाला. पोत्यात दाबून ८ ते १० किलो बसतो, म्हणजे जवळजवळ २०० पोती.

तेव्हापासून आमच्या वर्षाचा मोठा हंगाम पाला गोळा करण्याचा झाला. श्रेडरमधून, म्हणजे पाला चुरणाऱ्या यंत्रातून, काढला की जागा खूप कमी लागते आणि मुरतोही लवकर. गुलमोहर, पिंपळ, विलायती शिरीष यांचा पाला उत्तम. आंबा-फणसाची पानं जाड, ती चुरल्याशिवाय घालू नयेत. निलगिरीचा पाला तेलकट असतो, तो थोडाच घ्यावा. श्रेडरचं पातं बोथट होतं ते हारांमधल्या दोऱ्या आणि तारांनी, म्हणून पाला आधी पसरून पाहायचा. पोती लाकडी फळ्यांवर ठेवायची. जमिनीवर ठेवलेली खालची रांग बुरसटते. कमी पडलं तर रसवंतीगृहातली उसाची चिपाडं घेतो, पण ती उन्हात चार दिवस वाळवून, नाहीतर मुंग्या आणि गांधीलमाश्या येतात. प्लायवूडचा भुसा घेत नाही, त्यात डिंक-रसायनं असतात. ज्यांच्याकडे पाला आहे आणि ज्यांना हवा आहे, त्यांना जोडून देणारा 'ब्राउन लीफ' हा पुण्यातला गट या कामात फार मोलाचा आहे.

सुका कचरा आम्ही हाताळत नाही. ते काम 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचक सभासदांचं, २००८ पासून महापालिकेशी झालेल्या करारानुसार. पण ओला आवारात जिरला की त्यांच्या हाती येणारा कागद आणि पुठ्ठा कोरडा राहतो आणि त्याला भाव मिळतो. भाजीच्या पाण्यात भिजलेल्या रद्दीला कोणी विचारत नाही. दुधाच्या पिशव्या उभ्या कापून, विसळून, वाळवून द्या. कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पडू देऊ नका. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. आणि 'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्या आमच्या डब्यात नकोत. त्या मोठ्या प्रकल्पातल्या सलग उष्णतेसाठी असतात, घरगुती डब्यात महिनोन्‌महिने तशाच राहतात.

तयार खत ४ मिमीच्या चाळणीतून काढतो. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशातल्या शहरी खताच्या (शहरातल्या कचऱ्यापासून केलेल्या खताच्या) निकषातही ९० टक्के माल याच चाळणीतून जायला हवा. १०० किलो कचऱ्यातून १५ ते २० किलो खत मिळतं. चाळणीवर उरलेला चोथा फेकत नाही, तोच पुढच्या हौद्याचं विरजण. यंदा दोन नव्या सोसायट्यांची चौकशी आली आहे. दोघांनाही आम्ही हौद्यांच्या आधी पोती ठेवायच्या कोरड्या खोलीबद्दल विचारलं आहे. ती मिळाली तरच जूनच्या आधी काम घेऊ.