रात्री अडीचची प्रत

गोव्यातल्या साखळीजवळच्या आमच्या गावात जत्रेला होणाऱ्या नाटकांच्या हस्तलिखित संहिता मी गेली काही वर्षे स्कॅन करून ठेवतो आहे. त्यांतल्या दोन-तीन वह्या मालकांच्या घरी वाळवीने खाल्ल्या, त्यामुळे माझ्याकडची फाइल हीच आता त्यांची एकमेव प्रत उरली आहे. या फाइलींची नक्कल रोज रात्री अडीच वाजता बाहेरच्या डिस्कवर आपोआप व्हावी, अशी व्यवस्था मी लिनक्स या संगणकप्रणालीवरील क्रॉनच्या, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, साहाय्याने केली.

क्रॉन युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीत १९७० च्या दशकापासून आहे. आज अनेक लिनक्स प्रणालींत जे दिसते, त्याचे मूळ पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या आवृत्तीत आहे. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने आणि त्यांच्यापुढे आज्ञा, एवढेच त्याचे व्याकरण. ताऱ्याचा अर्थ 'प्रत्येक', म्हणून '३० २ * * *' म्हणजे रोज रात्री अडीच वाजता (फाइलमध्ये अंक अर्थातच इंग्रजी लिहायचे).

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, हाताने चालवलेली माझी आज्ञा बिनचूक चालत होती. फाइलीच्या नावात त्या दिवसाची तारीख यावी म्हणून मी तीत टक्क्याची चिन्हे घातली होती, आणि तीच ओळ जशीच्या तशी क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांची यादी असलेल्या फाइलीत, उतरवली. सतरा दिवसांनी एका नटाने जुन्या संहितेतले एक पान मागितले तेव्हा मी डिस्क उघडली, आणि तिच्यावर एकही फाइल नव्हती. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ असतो: पहिल्या टक्क्यापाशी आज्ञा संपते आणि पुढचा मजकूर तिला इनपुट म्हणून दिला जातो. अर्धवट तुटलेली आज्ञा रोज रात्री अयशस्वी होत होती, आणि तिची तक्रार संगणकावरच्या, मी कधीही न उघडलेल्या टपालपेटीत साठत होती. टक्क्यापूर्वी उलटी तिरकी रेघ दिली की हा प्रश्न सुटतो. पण माझ्या मते सगळी आज्ञा वेगळ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या स्वतंत्र फाइलीत, लिहावी आणि क्रॉनटॅबमध्ये त्या स्क्रिप्टचा फक्त पूर्ण पत्ता द्यावा. आपण लॉगिन केल्यावर लागू होणारी मांडणी क्रॉनला ठाऊक नसते, प्रोग्राम शोधण्याचे त्याचे मार्ग मोजकेच असतात, म्हणून स्क्रिप्टमध्येही प्रत्येक प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहिणे बरे.

दुसरी अडचण आमच्या पावसाळ्याने दाखवली. जूनमध्ये रात्री वीज गेली की संगणक बंद पडतो, आणि हुकलेले काम क्रॉन नंतर करत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन हा प्रोग्राम किंवा लिनक्समधल्या सिस्टमडी या व्यवस्थेचा टायमर वापरावा लागतो, ज्याला राहिलेले काम यंत्र सुरू झाल्यावर उरकायला सांगता येते. त्याहून घातक गोष्ट अशी की वीज परत आल्यावर बाहेरची डिस्क कधी कधी जोडलीच जात नाही, तिच्या जागी नुसते रिकामे फोल्डर उरते, आणि नक्कल करणारा आरसिंक हा प्रोग्राम त्या फोल्डरातच, म्हणजे मूळ फाइलींच्याच डिस्कवर, निमूटपणे नक्कल करून काम झाल्याचे सांगतो. आता माझी स्क्रिप्ट आधी डिस्क खरोखर जोडलेली आहे का हे पाहते, नसेल तर त्रुटीची नोंद करून थांबते, आणि सकाळी सात वाजता दुसरी एक छोटी स्क्रिप्ट, चोवीस तासांच्या आतली प्रत मिळाली नाही तर मला निरोप पाठवते.

एवढ्यावरही मी विसंबत नाही. महिन्यातून एकदा डिस्कवरची एखादी फाइल उघडून ती मूळ वहीशी ताडून पाहतो. गेल्या रविवारी उघडलेल्या पानावर दुसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश होता, आणि वहीत जिथे शाई फुटली आहे, अगदी तिथेच ती प्रतीतही फुटलेली दिसली.