हशाची जागा

तमाशातल्या बतावणीच्या, म्हणजे विनोदी संवादाच्या, वळणाची ही चार वाक्यं बघा.

"कुठं गेलतास रं?"
"पंढरीला भेटून आलो."
"पंढरीला? वारी केलीस म्हन की!"
"न्हाई, पंढरी सावकाराला. व्याज थकलं हुतं."

यातलं "पंढरीला?" भरतीचं वाटतं, पण सगळं त्याच्यावरच उभं आहे. जत्रेच्या उघड्या मैदानात मागच्या माणसाला वाक्य दुसऱ्यांदा ऐकू जातं आणि वारी डोक्यात पक्की बसते. ती बसल्याशिवाय सावकार आपटत नाही.

आता शेवटचं उत्तर असं लिहून बघा: "न्हाई, पंढरी सावकाराला भेटून आलो." विनोद मेला! मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. पंचचा, म्हणजे हशा आणणारा, शब्द आधी येऊन गेला की हसू 'भेटून आलो'खाली चेंगरतं. क्रियापद गाळायचं, नाहीतर आधी घ्यायचं. नवख्यांच्या स्किटमध्ये ही चूक सर्रास दिसते.

वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने 1965 मध्ये ही शैली बंदिस्त नाट्यगृहात गाजवली. तिथे प्रश्न ऐकू येण्याचा नाही, थांबण्याचा. हशा चढताना पुढचं वाक्य टाकलं की लाफ्टर खाल्ला, म्हणजे हशा मधेच तुटला. तो पूर्ण विझेपर्यंत थांबलं की प्रवेश ढेपाळतो. उतरू लागला की बोलायचं. "व्याज थकलं हुतं" हे शेपूट तिथेच टाकायचं, दुसरा हशा मिळतो.

टीव्हीवर हे थांबणं बरंचसं संकलक करतो. 2018 पासूनच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये पंच पडला की कॅमेरा हसणाऱ्या परीक्षकांवर जातो. सोयीचं आहे, पण नटाला थांबायची सवय राहत नाही.

रीलमध्ये थांबायला जागाच नाही. घाईत सगळ्यात आधी "पंढरीला?" कापलं जातं, आणि मग हसू का आलं नाही हे कळत नाही. कापायचं तर "कुठं गेलतास" आणि शेपूट कापा. दुसरा घोळ सबटायटलचा: प्रश्न आणि उत्तर एकाच पट्टीत टाकलं तर नट तोंड उघडायच्या आत प्रेक्षक वाचून मोकळा. "पंढरी सावकाराला" ही पट्टी वेगळी, बोलण्याच्या क्षणी.

तमाशाच्या गवळणीतल्या, म्हणजे कृष्ण-गवळणींच्या प्रवेशातल्या, मावशीचे बाईच्या अंगावरचे विनोद मात्र कसेही कापा, आज फसतात, फसू द्यावेत.

सावकार शहरातल्या विशीतल्या पोराला लांबचा वाटतो. तिथे "पंढरी रिकव्हरीवाल्याला" चालतं. वारी बदलायची गरज नाही, ती त्यालाही माहीत आहे.